भंगारातला ट्रान्सफॉर्मर : आधी ओळख, मग वीज

पेणच्या किंवा रोह्याच्या भंगारवाल्याकडे ट्रान्सफॉर्मर मागितला, तर तो काट्यावर टाकून भाव सांगतो. त्याच्या लेखी तो लोखंड आणि तांबं एवढाच माल. आतलं वाइंडिंग धड आहे की जळालंय, सेकंडरीला 12 व्होल्ट येतात की 250, याची त्याला फिकीर नसते. हौसेनं इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्याची यात मोठी सोय आहे, कारण नवी घेताना खिसा कापणारी वस्तू किलोच्या भावात हाती लागते. मात्र तिच्यासोबत कसलीच हमी येत नाही. ती घरी टेबलावर, मीटर लावून, आपली आपणच मिळवायची असते. त्या कामाचा पहिला आणि शेवटचा नियम एकच: ओळख पटेपर्यंत ट्रान्सफॉर्मरला 230 व्होल्ट द्यायचे नाहीत.

आधी व्यवहाराचं बोलू. 12-0-12 व्होल्ट, 1 अँपिअरचा नवा ट्रान्सफॉर्मर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. त्यासाठी भंगारात हात काळे करण्यात काही राम नाही. जुन्या मालाचा फायदा साधारण 50 व्हीएच्या पुढे सुरू होतो (व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर), आणि 100 ते 500 व्हीएचा चांगला नग दिसला तर सोडू नये. त्या मापाचा नवा माल इथे सहजी मिळत नाही. मुंबईला लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याला बुधवार पेठ गाठावी लागते, नाही तर वाइंडरकडून बांधून घ्यावा लागतो. माप ओळखायला वजन पुरतं. 12 व्हीएचा ट्रान्सफॉर्मर तीन-चारशे ग्रॅमचा असतो, 100 व्हीएचा दीड ते दोन किलोंचा, 500 व्हीएचा सहा किलोंच्या आसपास.

भंगारात काय काय सापडतं

मंडळांचे आणि मंडपवाल्यांचे जुने ॲम्प्लिफायर हा सगळ्यात प्रामाणिक माल. त्यांतला पॉवर ट्रान्सफॉर्मर तासन् तास चालायला बनवलेला असतो आणि त्याची सेकंडरी बहुधा सेंटर टॅपची असते. फक्त त्याच पेटीत दुसराही एक जड ट्रान्सफॉर्मर असू शकतो, तो आवाजाच्या लाइनचा. त्यावर 4, 8, 16 ओहम किंवा 70, 100 व्होल्ट असे आकडे दिसतात. 100 व्होल्ट वाचून त्याला विजेला जोडायचा मोह होऊ देऊ नका. तो कर्ण्यांसाठी आहे.

आखाती देशांतून आलेले टेपरेकॉर्डर आणि म्युझिक सिस्टिम आपल्या रायगड जिल्ह्यात घरोघरी होत्या. सौदीत घरगुती वीज बरीच वर्षं 127 व्होल्ट, 60 हर्ट्झची होती, म्हणून त्या यंत्रांच्या पाठीवर 110, 127, 220, 240 असा व्होल्टेज बदलायचा खटका असे. अशा यंत्राचा ट्रान्सफॉर्मर सोन्यासारखा, कारण प्रायमरीला इतकी टॅपिंग म्हणजे सेकंडरीचं व्होल्टेज थोडं खालीवर करायची सोय फुकट मिळाली. आपल्याकडच्या 230 ला 240 चं टॅपिंग वापरलं की व्होल्टेज चार टक्के कमी मिळतं आणि ट्रान्सफॉर्मर थंड चालतो. त्यावर 50/60 हर्ट्झ लिहिलं आहे ना, तेवढं बघा. नुसतं 60 लिहिलेला नग आपल्या 50 हर्ट्झवर जास्त तापतो आणि जास्त गुणगुणतो.

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीचा माल वेगळा. मोटारींची पॅनेल बदलली की कॉन्टॅक्टर आणि रिलेंसोबत कंट्रोल ट्रान्सफॉर्मरही निघतात. भक्कम बांधणी, वर स्वच्छ पाटी, टर्मिनलला स्क्रू. पाटीवर बहुतेक वेळा प्रायमरी 415 आणि सेकंडरी 110 व्होल्ट असतं, आणि इथेच फसगत होते. 415 हे दोन फेजांमधलं व्होल्टेज आहे. घरच्या 230 वर लावला तर सेकंडरीला 110 नव्हे, 61 व्होल्ट येतील. अँपिअर मात्र वाढत नाहीत, कारण तार तीच. 500 व्हीएच्या नगाची 110 व्होल्टची तार 4.5 अँपिअरची, म्हणजे घरगुती विजेवर तो जेमतेम 275 व्हीएचा उरला. 61 व्होल्ट हा आकडा हौशी कामाला अडनिडाच. डीसी केला तर 86 व्होल्ट होतो आणि हाताला धोकादायक ठरतो. म्हणून पाटीवर 415 सोबत 230 चंही टॅपिंग असलेला नग शोधायचा. तो मिळाला तर पूर्ण ताकद वापरता येते.

तरीही नुसत्या 415 चा स्वस्तात मिळाला तर टाकू नका. वाइंडिंग आणि पत्र्यांच्या मध्ये थोडी फट असेल, तर तीतून जाड प्लास्टिक आवरणाच्या तारेचे 10 वेढे घाला, प्रायमरीला (चाचण्या पूर्ण झाल्यावर, त्या पुढे येतातच) 230 द्या आणि त्या दहा वेढ्यांवर किती व्होल्ट येतात ते मोजा. समजा 3.6 आले. म्हणजे वेढ्याला 0.36 व्होल्ट. 14 व्होल्ट हवे असतील तर 39 वेढे. जुनी सेकंडरी मोकळी ठेवायची, तिची दोन्ही टोकं वेगवेगळी नीट झाकायची आणि आपली नवी सेकंडरी वापरायची. वाइंडिंगचं मशिन नको, मोजणी नको, गणित एका ओळीचं. हौशी माणसानं शिकण्यासारखी यापेक्षा चांगली युक्ती मला माहीत नाही.

स्टॅबिलायझर भंगारात सगळ्यात जास्त दिसतात. भिऱ्याचं जलविद्युत केंद्र 1927 पासून शेजारी उभं असलं, तरी लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वाडीवर संध्याकाळी व्होल्टेज पडतंच, म्हणून फ्रिज-टीव्हीसोबत स्टॅबिलायझर आला. पण त्यातला ट्रान्सफॉर्मर हा ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, एकच वाइंडिंग आणि त्याला टॅपिंग. त्याचं इनपुट आणि आउटपुट तारेनं जोडलेलं असतं. त्याच्या 12 किंवा 24 व्होल्टच्या टॅपिंगवरून काही चालवलंत तर मीटरवर व्होल्टेज कमी दिसेल, पण हात लागला की पूर्ण फेजचा झटका बसू शकतो. मीटर कंटिन्यूइटीवर ठेवून इनपुट आणि आउटपुटला लावा. बीप वाजला की तो आपल्या कामाचा नाही. 230 चे 110 करणारे स्वस्त कन्व्हर्टरही बरेचदा याच जातीचे निघतात. शिवाय स्वस्त स्टॅबिलायझरमध्ये तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार असते. इनॅमल खरवडून पाहा. पांढरी चकाकी दिसली तर तिला सोल्डरही धरत नाही.

कॉम्प्युटरच्या यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर वापरता येतो, पण त्यावरच्या 600 व्हीएवर विश्वास ठेवू नये. तो दहा-पंधरा मिनिटं भार ओढण्यापुरता बनवलेला असतो. सतत चालवायचा तर लिहिलंय त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घेऊ नका, आणि तेही तापमान बघून. त्याच्या एका बाजूच्या टॅपिंगवर ऑटोट्रान्सफॉर्मरसारखी जोडणीही असू शकते, म्हणून प्रत्येक तार तपासा. पिवळ्या टेपचे हलके, काळ्या फेराइटच्या गाभ्याचे छोटे ट्रान्सफॉर्मर टीव्ही, चार्जर आणि एलईडी ड्रायव्हरमधून निघतात. ते हजारो हर्ट्झवर चालतात. 50 हर्ट्झच्या विजेला लावले तर तत्क्षणी शॉर्ट.

मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर घेऊ नका. तो जड असतो, तांबं दिसतं, किंमत कमी असते आणि इंटरनेटवर त्याचे खेळ भरपूर दिसतात. त्याची सेकंडरी दोन हजार व्होल्टच्या आसपास देते, तीही जीव घेण्याइतका करंट पुरवत, आणि तिचं एक टोक सरळ गाभ्याला जोडलेलं असतं. ओव्हनमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला असू शकतो. हा हौशी माणसाचा विषय नाही.

खांबावरचा ट्रान्सफॉर्मर तर आपल्या विषयातच नाही. त्याचं तेल, तांबं किंवा तार हलवणं हा वीज कायदा 2003 च्या कलम 136 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. औद्योगिक वसाहतीतला माल घेतानाही पावती मागून घ्या.

डोळे, नाक आणि ओल

घरी आणल्यावर लगेच काही जोडू नका. वास घ्या. जळक्या वार्निशचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही, आणि तो येत असेल तर पुढचं काही करायची गरज नाही. टेप तपकिरी-काळा पडलाय का, बॉबिन वाकलाय का, पत्रे गंजून फुगलेत का, हे उजेडात बघा.

आपल्याकडे खरा शत्रू ओल. जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि भंगाराचा ढीग उघड्यावर असतो. 26 जुलै 2005 चा पूर असो की 3 जून 2020 चं निसर्ग वादळ, पाण्यात बुडालेली यंत्रं पुढे भंगारातच येतात. गोड्या पाण्यात भिजलेला ट्रान्सफॉर्मर वाळवून वाचू शकतो. खारेपाटात (खाडीकाठच्या खारजमिनीत) बांधाला खांड (भगदाड) जाऊन घरात शिरलेल्या भरतीच्या पाण्यात बुडालेला नाही वाचत. मीठ आत राहतं आणि दर पावसाळ्यात पुन्हा ओल ओढतं. पत्र्यांच्या कडेला पांढरी पूड दिसली तर नग परत ढिगात ठेवा.

वाळवायचा कसा? पत्र्याचा मोठा डबा, त्याला बाहेरून अर्थिंग, आत 40 वॉटचा पिवळा बल्ब आणि ट्रान्सफॉर्मर, झाकण थोडं उघडं. डब्यातलं तापमान 60 ते 70 अंशांत ठेवायचं. हेअर ड्रायर, गॅस, उन्हात तापलेला पत्रा हे सगळं घाईचं काम आहे. पेणच्या कारखान्यात शाडूची मूर्ती जशी सबुरीनं वाळवतात, तसंच हे. निदान दिवसभर लागेल, मोठ्या नगाला जास्तही.

वाळलं की नाही हे मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) सांगतो. मल्टिमीटरचा मेगओहम इथे फार उपयोगाचा नाही, कारण तो दोन-तीन व्होल्टवर मोजतो, आणि ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनला शेकडो व्होल्ट सहन करायचे असतात. 500 व्होल्टचा मेगर मोटार दुरुस्तीवाल्याकडे असतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याच्याकडूनही काम होईल. प्रायमरी आणि गाभा, प्रायमरी आणि सेकंडरी, सेकंडरी आणि गाभा अशी तीन मोजमापं घ्या. वाळवताना आकडा आधी खाली जातो, आतली ओल हलायला लागल्यामुळे, आणि मग हळूहळू चढतो. खाली गेला म्हणून घाबरून काम थांबवू नका. चांगला सुका नग शंभर मेगओहमच्या पुढे जातो. पूर्ण वाळवूनही 10 मेगओहमला टेकत नसेल तर मी तो वापरत नाही. मेगर काढल्यावर टोकं क्षणभर शॉर्ट करून उतरवून घ्या, नाही तर हाताला चटका बसतो.

तारांची ओळख

तारांच्या रंगावर विसंबू नका. प्रत्येक कारखान्याचे रंग वेगळे, आणि कुणी दुरुस्तीवाल्यानं मधेच तार बदलली असेल तर विचारूच नका. कागदावर सगळ्या तारा काढा आणि मीटरनं जोड्या लावा. ज्यांच्यात कंटिन्यूइटी आहे त्या एका वाइंडिंगच्या. तीन तारा एकमेकींशी जुळत असतील तर मधली तार शोधा. कुठल्या दोघींमधला रोध सर्वांत जास्त, त्या टोकाच्या, उरलेली मधली.

230 ची प्रायमरी बहुधा सगळ्यात जास्त रोधाची असते. 12 व्हीएच्या छोट्या नगात तो काहीशे ओहम, 100 व्हीएच्या नगात 10 ते 20 ओहम, 500 व्हीएमध्ये दोन-तीन ओहम. 12 व्होल्टची जाड सेकंडरी मात्र अर्ध्या ओहमच्याही खाली असेल, तिथे साध्या मीटरला काही कळत नाही. याला अपवाद व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओंचा. त्यांत सर्वांत जास्त रोध प्रायमरीचा नसून एचटीचा, म्हणजे 250-0-250 सारख्या जास्त व्होल्टेजच्या वाइंडिंगचा असतो. रेडिओचा नग असेल तर जाड तारेचं 6.3 व्होल्टचं फिलामेंट वाइंडिंग आधी शोधा, मग बाकीचं उलगडतं.

प्रायमरी पूर्ण उघडी दिसली तरी घाईनं फेकू नका. बऱ्याच ट्रान्सफॉर्मरांत प्रायमरीच्या टेपखाली छोटा थर्मल फ्यूज दडवलेला असतो. तो गेला की वाइंडिंग शाबूत असूनही मीटर काही दाखवत नाही. टेप हळूच उचलून बघा. मिळाला तर त्याच तापमानाचा नवा लावा. तो शॉर्ट करून टाकायचा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. आणि तो का उडाला, हे शोधल्याशिवाय नवाही लावू नका.

आता खरी ओळख. हाताशी 12 व्होल्ट एसी देणारा चांगला, माहितीतला छोटा ट्रान्सफॉर्मर ठेवा. त्याचं आउटपुट, 12 व्होल्टचा गाडीचा छोटा इंडिकेटर बल्ब सिरीजमध्ये घालून, अनोळखी नगाच्या जास्त रोधाच्या वाइंडिंगला द्या. बल्ब पेटला तर आत शॉर्ट आहे. नाही पेटला तर वाइंडिंगच्या दोन टोकांवर प्रत्यक्ष किती व्होल्ट पोचले ते मोजा आणि मग दुसरी वाइंडिंग मोजा. समजा 12.4 दिले आणि दुसरीकडे 0.92 आले. म्हणजे 230 दिल्यावर तिथे 17 व्होल्ट येतील. भार टाकल्यावर ते उतरतील, तेव्हा हा बहुधा 15 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. कुठेही 230 न दाखवता ओळख पटली.

दोन इशारे. 12 व्होल्ट चुकून जाड तारेच्या बाजूला दिलेत, तर बारीक तारेच्या बाजूला त्याच पटीत व्होल्टेज चढेल. रेडिओच्या 6.3 व्होल्टच्या वाइंडिंगला 12 दिले तर एचटीच्या टोकांना हजाराच्या जवळ जाईल. म्हणून कोणतीही टोकं उघडी धरून काम करायचं नाही. मीटरचे क्लिप लावा, हात काढा, मग स्विच. दुसरं, स्वस्त पिवळ्या मीटरला एसीच्या 200 आणि 750 व्होल्ट अशा दोनच रेंज असतात. त्यावर 0.92 धड वाचता येत नाही. या कामाला 2 व्होल्टची एसी रेंज असलेला किंवा ऑटोरेंज मीटर घ्या.

दोन सारखी वाइंडिंग असतील आणि ती समांतर जोडायची असतील, तर आधी एकेक टोक जोडून उरलेल्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा. शून्य आलं तरच ती टोकं जोडायची. दुप्पट आलं तर एक वाइंडिंग उलटी करायची. शून्याच्या जवळ, पण शून्य नाही, असं आलं तर समांतर जोडूच नका.

सिरीज बोर्ड

इथवर आल्यावर 230 व्होल्ट. तेही थेट नाही, सिरीज बोर्डमधून. एक होल्डर, एक सॉकेट, एक स्विच आणि फ्यूज, फेज आधी बल्बमधून मग सॉकेटला. बल्ब फिलामेंटचा पिवळा हवा. एलईडी किंवा सीएफएल चालत नाही. कोंबड्यांच्या पिल्लांना ऊब द्यायला हे बल्ब अजून लागतात, त्यामुळे शोधले की मिळतात. 50 व्हीएपर्यंतच्या नगाला 25 किंवा 40 वॉट, त्यापुढे 60 ते 100 वॉट.

सेकंडरीची सगळी टोकं मोकळी, एकमेकींना न चिकटणारी. गाभ्याला अर्थिंग. स्विच टाका. चांगल्या ट्रान्सफॉर्मरवर बल्ब क्षणभर लुकलुकतो आणि विझतो किंवा अगदी मंद राहतो. प्रायमरीवर जवळजवळ पूर्ण 230 दिसतात. बल्ब लख्ख पेटून राहिला तर वेढे शॉर्ट आहेत किंवा तुम्ही सेकंडरीलाच प्रायमरी समजलात. अर्धवट पेटला आणि ट्रान्सफॉर्मर घुर्र आवाज करत तापायला लागला, तर काही वेढे शॉर्ट असण्याचा संशय घ्या. या सगळ्यात एक हात खिशात, पायात रबरी चप्पल आणि घरात दुसरं कुणीतरी जागं असावं.

बल्ब शांत राहिला तर दहा मिनिटं तसाच ठेवा, मग बल्ब काढून योग्य मापाचा फ्यूज घालून थेट विजेवर तासभर रिकामा चालवा. थोडा कोमट होईल. चटका बसण्याइतका रिकामा तापला तर तो नापास.

किती अँपिअर घ्यायचे

पाटी नसेल तर तारेची जाडी बघा. पण बाहेर आलेली लवचिक तार नको. ती मुद्दाम जाड लावलेली असते. आतली इनॅमलची तार मोजा. चौरस मिलिमीटरला अडीच अँपिअर धरा. 22 गेजची तार साधारण 1 अँपिअर, 20 गेजची दीडच्या थोडं वर, 18 गेजची जवळजवळ 3. मग गाभ्याकडे बघा. बॉबिनमधल्या मधल्या पट्टीची रुंदी गुणिले पत्र्यांच्या थप्पीची जाडी, सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग आणि त्याला 1.2 नं भागायचं. 2.5 गुणिले 3.8 म्हणजे 9.5 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 75 व्हीए; पत्र्यांमधल्या फटी धरून 60 ते 70 समजा. तार आणि गाभा यांत जो आकडा कमी येईल तो खरा.

हा अंदाज झाला, पुरावा भार टाकून मिळतो. भारासाठी पैसे खर्च करू नका. गाड्यांच्या गॅरेजमध्ये हेडलाइटचे निकामी बल्ब पडलेले असतात; त्यांतलं एक फिलामेंट गेलेलं असतं, दुसरं बहुतेक वेळा शाबूत असतं. 12 व्होल्टचं 55 वॉटचं फिलामेंट साडेचार अँपिअर ओढतं. 24 व्होल्टच्या सेकंडरीला दोन सिरीजमध्ये. भार घालून व्होल्टेज पडतं किती ते लिहा आणि तासभर चालवा.

तापमान हाताने बघण्यापेक्षा तांब्यालाच विचारा. चालवण्यापूर्वी प्रायमरीचा रोध मोजून ठेवा, समजा खोलीत 30 अंश असताना 20 ओहम. तासाभरानं वीज बंद करून, प्लग काढून, लगेच पुन्हा मोजा. 24 आला तर आतलं तांबं सरासरी 83 अंशांवर आहे. गणित असं: 24 भागिले 20, गुणिले 264.5, वजा 234.5. म्हणजे वाढ 53 अंशांची. 55 च्या आत असेल तर जुन्या कागदी इन्सुलेशनलाही चालेल. याहून जास्त वाढत असेल तर भार कमी करा. मे महिन्यात पेणला बंद पेटीत हवाच 45 ची होते, हे लक्षात ठेवून थोडी जागा सोडा.

वापर

12 व्होल्ट एसी ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटरमधून गेला की डीसीचा आकडा 15 च्या पुढे जातो, रिकामा असताना त्याहूनही वर. एलईडी पट्टीला तो सरळ दिलात तर पट्टी गेली. मधे रेग्युलेटर किंवा बक मॉड्यूल हवंच. दुसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते: ब्रिज लावल्यावर डीसीला जेवढे अँपिअर घेता येतात ते एसी रेटिंगच्या साठ टक्के, 5 अँपिअरच्या सेकंडरीतून 3 अँपिअर. कपॅसिटरचा हिशोब सोपा, 1 अँपिअरला 4700 मायक्रोफॅराड.

गणपतीच्या मखराला हा ट्रान्सफॉर्मर फार उपयोगी. 2018 पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आल्यावर मखरं कागदाची, कापडाची, लाकडाची झाली, म्हणजे सहज पेटणारी. भोवती ओली पानं-फुलं आणि खेळणारी मुलं. तिथे 230 व्होल्टच्या लाइटच्या माळांपेक्षा वेगळ्या केलेल्या 12 व्होल्टवर चालणारी पट्टी कितीतरी सुरक्षित. 5050 जातीची पट्टी मीटरला 14 वॉटच्या आसपास घेते, पाच मीटरला 6 अँपिअर डीसी. म्हणजे ब्रिजसाठी 10 अँपिअरची सेकंडरी हवी. तेवढा नग नसेल तर पट्टी कमी करा.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी दुसरा वापर: दोन सारखे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून, म्हणजे 12 व्होल्टची बाजू 12 व्होल्टच्या बाजूला जोडून, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर होतो. पलीकडे 230 पेक्षा थोडं कमी, 200 ते 210 व्होल्ट मिळतं. एसएमपीएस उघडून बसण्याआधी टेबलावर हा असावा. मात्र घरातला आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) याच्या पलीकडे तुम्हाला वाचवणार नाही. दोन्ही टोकांना एकाच वेळी हात लागला तर झटका बसतोच.

पेटी पत्र्याची, पेटीला अर्थिंग, फेजला स्विच आणि फ्यूज, आत येणाऱ्या केबलला ताण न येईल अशी पकड. फ्यूज स्लो ब्लो. 100 व्हीएला 0.5 ते 1 अँपिअर. गोल टोरॉइड ट्रान्सफॉर्मर बसवत असाल तर मधल्या बोल्टची दोन्ही टोकं पेटीला चिकटता कामा नयेत, नाही तर तो बोल्ट शॉर्ट झालेला एक वेढा बनतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.

पास झालेल्या प्रत्येक नगावर मार्करनं लिहा: प्रायमरी कोणती, सेकंडरी किती, रिकामं व्होल्टेज, भारावरचं व्होल्टेज, किती अँपिअर, मेगरचा आकडा आणि तारीख. नापास झालेल्या नगाच्या तारा मुळापासून कापून टाका, म्हणजे पुढे कुणी त्याला प्लग लावणार नाही, आणि मगच भंगारवाल्याला परत द्या. तांब्यासाठी तार जाळत बसू नका. वार्निशचा धूर विषारी असतो, आणि भंगारवाला न जाळताही तांब्याचा भाव देतो.